जगलेल्या रोपाचे मोल

५ जून १९७७. जागतिक पर्यावरण दिन. केनियाची राजधानी नैरोबी येथील केन्याटा आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रापासून एक मिरवणूक निघाली आणि शहराच्या कडेला असलेल्या कामुकुंजी मैदानावर येऊन थांबली. देशातील निरनिराळ्या जमातींमधील सात दिवंगत नेत्यांच्या स्मरणार्थ तेथे सात रोपे लावण्यात आली. कार्यक्रम थाटात पार पडला. परंतु त्या सातपैकी पुढे दोनच झाडे तगली. समारंभपूर्वक लावलेल्या रोपांच्या नशिबी जे येते, तेच बहुतेकांच्या नशिबी आले. तथापि ज्या विदुषीच्या पुढाकाराने हा कार्यक्रम झाला होता, त्यांनी उभारलेल्या चळवळीने पुढे एक साधाच नियम केला. मोजायचे ते लावलेले रोप नव्हे, जगलेले रोप. या एका नियमाच्या बळावर केनियाच्या खेड्यापाड्यांतील हजारो अल्पशिक्षित स्त्रियांनी पुढील तीन दशकांत तीन कोटींहून अधिक झाडे उभी केली. २००४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या आफ्रिकी महिला डॉ. वांगारी माथाई यांची ही जीवनकथा.

वांगारी यांचा जन्म १ एप्रिल १९४० रोजी मध्य केनियाच्या डोंगराळ प्रदेशातील न्येरी जिल्ह्यात, इहिथे या खेड्यात झाला. कुटुंब किकुयू जमातीचे. केनिया तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होता. वडील नाकुरूजवळ एका गोऱ्या जमीनदाराच्या शेतावर नोकरीला होते. मुलांच्या शिक्षणासाठी आई पुढे त्यांना घेऊन गावी परतली. मुलींना शाळेत घालण्याचा त्या काळी फारसा प्रघात नव्हता. आपली बहीण शाळेत का जात नाही, असा प्रश्न थोरल्या भावाने आईला विचारला आणि आईने तिला शाळेत पाठवले. कुटुंबातील त्या छोट्याशा निर्णयाने एका आयुष्याची दिशा ठरली.

त्यांच्या घराजवळ एक झरा होता आणि झऱ्यालगत एक जुना, विशाल रानउंबर. आपल्याकडील वड-पिंपळ-उंबराच्या कुळातलाच हा वृक्ष किकुयू समाजात पवित्र मानला जाई. त्याची फांदी तोडायची नाही, त्याखाली पडलेले वाळके लाकूडही सरपणाला आणायचे नाही, असे आईने लहानग्या वांगारीला बजावून सांगितले होते. त्या झऱ्यात बेडकांची अंडी न्याहाळण्यात तिचे तासन्‌तास जात. या श्रद्धेमागे दडलेले शास्त्र त्यांना पुढे जीवशास्त्राच्या अभ्यासातून उमगले. उंबराची मुळे खडक भेदून खोल जातात, भूगर्भातील पाण्याला वर येण्यास वाट मिळते आणि डोंगरउताराची मातीही धरून ठेवली जाते. झाड पवित्र होते म्हणून झरा वाहत होता.

न्येरीच्या कॅथलिक मिशनची शाळा आणि त्यानंतर लिमुरू येथील लोरेटो कन्या विद्यालय असा त्यांचा शैक्षणिक प्रवास झाला. याच काळात देशात माऊ माऊ उठाव आणि ब्रिटिशांची दडपशाही यांनी थैमान घातले होते. १९५९ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाले आणि दुसऱ्याच वर्षी नशिबाने मोठे दान टाकले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील केनियातील होतकरू तरुणांना अमेरिकी विद्यापीठांत पाठवण्याची योजना आखण्यात आली होती. सिनेटर जॉन केनेडी यांच्या कुटुंबाच्या प्रतिष्ठानाने तिला अर्थसाहाय्य दिले. या योजनेतून १९६० मध्ये गेलेल्या सुमारे तीनशे विद्यार्थ्यांत वांगारी होत्या. कॅन्सस राज्यातील अ‍ॅचिसन येथील माऊंट सेंट स्कॉलस्टिका महाविद्यालयातून त्यांनी १९६४ मध्ये जीवशास्त्राची पदवी घेतली आणि पिट्सबर्ग विद्यापीठातून एम. एस्सी. केले.

१९६६ मध्ये त्या मायदेशी परतल्या. नैरोबीच्या विद्यापीठीय महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागात त्यांना नोकरीचे लेखी आश्वासन मिळाले होते. प्रत्यक्षात ती जागा दुसऱ्यालाच देण्यात आली. आपण स्त्री आहोत आणि अमुक जमातीच्या आहोत, यामुळे हे घडले अशी त्यांची धारणा होती. अखेर पशुवैद्यकीय शरीररचनाशास्त्र विभागात जर्मन प्राध्यापक राइनहोल्ड हॉफमन यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. काही काळ त्यांनी जर्मनीतही संशोधन केले. १९७१ मध्ये नैरोबी विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. प्रदान केली. पूर्व व मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. विभागप्रमुख आणि सहयोगी प्राध्यापक ही पदेही त्या भागात सर्वप्रथम भूषवणारी स्त्री म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. विद्यापीठातील महिला अध्यापकांना पुरुषांइतके लाभ मिळावेत, यासाठी त्यांनी याच काळात प्रशासनाशी झगडा मांडला.

गुरांना होणाऱ्या ईस्ट कोस्ट तापावर त्यांचे संशोधन चालू होते. हा रोग गोचिडांमार्फत पसरतो. गोचिडे गोळा करण्यासाठी त्या न्येरीच्या ग्रामीण भागात हिंडत, तेव्हा त्यांच्या नजरेला दुसरेच काही पडले. गुरांच्या बरगड्या दिसत होत्या, कारण कुरणांत चारा नव्हता. पावसाळ्यात नद्या तांबड्या गाळाने भरून वाहत होत्या, कारण डोंगरावरची माती धरून ठेवायला झाडे उरली नव्हती. इहिथे गावातील तो रानउंबर नव्या मालकाने तोडून टाकला होता आणि झरा आटला होता. वसाहतकाळात मूळचे रान तोडून पाइन, निलगिरी लावण्यात आली. स्वातंत्र्यानंतर चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी तोड चालूच राहिली. पशुधनाला खरा धोका गोचिडांपेक्षा उजाड होत चाललेल्या जमिनीपासून आहे, या निष्कर्षाप्रत त्या आल्या.

केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेच्या कामातून या निरीक्षणाला माणसांची बाजू मिळाली. ग्रामीण स्त्रियांच्या तक्रारी एकसारख्या होत्या. सरपणासाठी मैलोन्‌मैल चालावे लागते, स्वच्छ पाणी मिळत नाही, मुलांना सकस अन्न नाही, हातात पैसा नाही. जळण नाही म्हणून लवकर शिजणारे निःसत्त्व अन्न ताटात येत होते आणि त्यातून मुलांचे कुपोषण होत होते. या साऱ्या तक्रारींचे मूळ एकाच ठिकाणी आहे, हे माथाई यांच्या ध्यानात आले. मग झाडेच का लावू नयेत? वरकरणी हा विचार अगदी साधा होता. त्याची अंमलबजावणी मात्र सोपी नव्हती.

पहिला प्रयत्न फसला. त्यांचे पती म्वांगी मथाई १९७४ मध्ये संसदेवर निवडून आले होते. प्रचारात मतदारांना रोजगाराची आश्वासने दिली गेली होती. पतीला त्यांचा विसर पडला, तरी पत्नीला पडला नाही. बेरोजगारांना काम मिळावे म्हणून त्यांनी रोपे तयार करून लावणारी एक छोटी कंपनी काढली आणि करुरा जंगलात रोपवाटिका सुरू केली. पैशाअभावी आणि पाण्याअभावी ती बंद पडली. नंतर हीच कल्पना त्यांनी महिला परिषदेपुढे मांडली आणि कामुकुंजी मैदानावरच्या त्या सात रोपांपासून तिने पुन्हा मूळ धरले. हीच पुढची ग्रीन बेल्ट मूव्हमेंट, म्हणजे हरित पट्टा चळवळ.

वनखात्याने सुरुवातीला फुकट रोपे देण्याचे कबूल केले. देशाच्या लोकसंख्येइतकी, म्हणजे दीड कोटी झाडे लावण्याचा माथाई यांचा मानस ऐकून अधिकाऱ्यांना हसू आले होते. वर्षभरातच रोपांची मागणी एवढी वाढली की खात्याने हात आखडता घेतला. तेव्हा स्त्रियांनी आपली रोपे आपणच तयार करायची ठरवले. वनाधिकारी त्यांना शास्त्रशुद्ध माहिती द्यायला आले आणि जमिनीचा उतार, वाफ्याची खोली, खास अवजारे असे काही सांगू लागले. निरक्षर स्त्रियांना त्यातले फारसे काही उमगेना. माथाई यांनी त्यांना वेगळाच सल्ला दिला. मका आणि घेवडा ज्या शहाणपणाने पेरता, त्याच शहाणपणाने झाडाचे बी पेरा. मग फुटकी मडकी, जुने डबे यांत रोपवाटिका उभ्या राहिल्या. आसपासच्या रानातून स्थानिक झाडांचे बी गोळा होऊ लागले. या स्त्रियांना बिनपदवीच्या वनाधिकारी म्हणून ओळखले जाऊ लागले.

मोबदल्याची पद्धतही विचारपूर्वक ठरवण्यात आली होती. गटाने रोपे तयार करायची, ती शेतकऱ्यांना, शाळांना, देवळांना द्यायची, किमान हजार झाडांचा सलग पट्टा उभा करायचा. रोप दिल्याबरोबर पैसे मिळत नसत. काही महिन्यांनी जाऊन पाहणी व्हायची, नोंद व्हायची आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागे सुमारे चार अमेरिकी सेंट इतकी रक्कम त्या गटाला मिळायची. रक्कम क्षुल्लक होती. पण अनेक स्त्रियांच्या हाती आलेले ते स्वतःच्या कमाईचे पहिलेच पैसे होते. शिवाय या व्यवस्थेत रोप लावणारीला त्याला पाणी घालण्याची, शेळ्यांपासून राखण्याची आणि शेजाऱ्यालाही त्याची काळजी घ्यायला लावण्याची गरज आपोआप निर्माण होत होती. १९८१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला निधीने मोठे अनुदान दिले, नॉर्वेच्या वनसंस्थेने हात दिला आणि चळवळ देशभर पसरली. १९८६ नंतर इतर आफ्रिकी देशांतील कार्यकर्तेही ही पद्धत शिकण्यास येऊ लागले.

चळवळ वाढत असताना संस्थापिकेचे व्यक्तिगत आयुष्य मात्र विस्कटत होते. १९७७ मध्ये पती घर सोडून गेले. घटस्फोटाचा खटला भर न्यायालयात, वृत्तपत्रांच्या साक्षीने चालला आणि १९७९ मध्ये निकाल विरोधात गेला. एका नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी न्यायाधीशांवर टीका केली. तेव्हा बेअदबीबद्दल त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. तीन दिवसांनी त्या तुरुंगातून सुटल्या. पतीने आपले आडनाव वापरण्यास मनाई केली. त्यावर त्यांनी आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणखी एक ‘ए’ घातला आणि मथाईच्या त्या माथाई झाल्या. तीन मुलांचा सांभाळ करायचा होता. अशात १९८२ मध्ये संसदेची पोटनिवडणूक लढवण्यासाठी त्यांनी विद्यापीठाच्या नोकरीचा राजीनामा दिला. मतदार नोंदणीतील एका तांत्रिक मुद्द्यावर त्यांचा अर्ज बाद झाला. विद्यापीठाने राजीनामा परत घेऊ दिला नाही, राहते घरही सोडावे लागले. सोळा वर्षांची कारकीर्द एका दिवसात संपली. उरली ती फक्त झाडे आणि झाडे लावणाऱ्या बायका. माथाई यांनी यापुढचा सारा वेळ त्यांनाच दिला.

झाडांचा प्रश्न राजकारणापर्यंत पोहोचणे अटळ होते. गावोगावच्या शिबिरांत माथाई लोकांना त्यांच्या अडचणींची यादी करायला सांगत. बहुतेक जण सरकारकडे बोट दाखवत. चुकीच्या बसमध्ये बसलेला प्रवासी जसा भलतीकडेच पोहोचतो, तसे आपले झाले आहे, हे त्या समजावून देत आणि बस चुकण्यात आपला वाटा किती, याचाही विचार करायला लावत. ज्या सार्वजनिक जमिनीवर झाडे लावायची, ती जमीनच सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील लोकांना वाटली जात असेल, तर नुसती रोपे तयार करून काय उपयोग, हा प्रश्न ओघानेच आला.

१९८९ मध्ये नैरोबीच्या मध्यवस्तीतील उहुरू पार्कवर साठ मजली इमारत बांधण्याचा घाट घातला गेला. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. या मोकळ्या हिरवळीवर शहरातील गोरगरीब कुटुंबे सुटीच्या दिवशी विसाव्याला येत. तेथे सत्ताधारी कानू पक्षाचे मुख्यालय, त्याचे वृत्तपत्र, कचेऱ्या, दुकाने आणि राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांचा भव्य पुतळा होणार होता. माथाई यांनी शासनाला, परदेशी दूतावासांना, संयुक्त राष्ट्रांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला. संसदेत त्यांच्यावर टीकेची झोड उठली, त्यांच्या संघटनेची घटस्फोटितांची टोळी म्हणून हेटाळणी झाली. आफ्रिकी स्त्रीने पुरुषांचा मान राखून गप्प बसावे, असा उपदेश खुद्द मोई यांनी केला. चळवळीला चोवीस तासांत कार्यालय रिकामे करावे लागले आणि तिचा सारा संसार माथाई यांच्या लहानशा घरात आला. पण पत्रांचा परिणाम झाला. परदेशी गुंतवणूकदार मागे हटले आणि योजना गुंडाळली गेली. एका बाईने राष्ट्राध्यक्षांची योजना थांबवली, हे केनियाने प्रथमच पाहिले.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. जानेवारी १९९२ मध्ये अफवा पसरवल्याच्या आणि राजद्रोहाच्या आरोपाखाली पोलिसांनी त्यांना अटक केली. तीन दिवस त्या घराचे दरवाजे लावून आत बसल्या होत्या. अखेर पोलीस घर फोडून आत शिरले. सुटका झाल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस राजकीय कैद्यांच्या मातांसह त्यांनी उहुरू पार्कच्या एका कोपऱ्यात उपोषण सुरू केले. ३ मार्च रोजी पोलिसांनी अश्रुधूर आणि लाठ्यांनी हल्ला चढवला. माथाई बेशुद्ध पडल्या. वृद्ध मातांनी आपली वस्त्रे उतरवून पोलिसांना शाप दिला. आईने मुलाला द्यावयाचा हा त्या समाजातील सर्वांत भयंकर शाप. मातांनी मग जवळच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलचा आश्रय घेतला. १९९३ च्या सुरुवातीला बहुतेक कैदी सुटेपर्यंत त्या तेथून हलल्या नाहीत.

ज्या करुरा जंगलात माथाई यांची पहिली रोपवाटिका फसली होती, त्याच जंगलाने त्यांची आणखी एक परीक्षा घेतली. नैरोबीच्या उत्तरेचे हे सुमारे हजार हेक्टरचे राखीव वन १९९८ मध्ये तुकड्या-तुकड्यांनी बिल्डरांना दिले जात असल्याचे उघड झाले. ८ जानेवारी १९९९ रोजी माथाई काही खासदार, पत्रकार आणि सहकाऱ्यांसह तेथे एक रोप लावण्यासाठी गेल्या. पहारेकऱ्यांच्या जमावाने हल्ला केला. डोक्यातून रक्त वाहत असताना त्यांनी पोलीस ठाणे गाठले आणि तक्रारीवर स्वतःच्या रक्ताने सही केली. त्या हल्ल्याची छायाचित्रे जगभर गेली, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ऑगस्ट १९९९ मध्ये सार्वजनिक जमिनींच्या वाटपावर बंदी घालण्याची घोषणा मोई यांना करावी लागली.

डिसेंबर २००२ च्या निवडणुकीत कानूची चार दशकांची सत्ता संपली. टेटू मतदारसंघातून माथाई ९८ टक्के मते घेऊन विजयी झाल्या आणि पर्यावरण खात्याच्या साहाय्यक मंत्री झाल्या. ८ ऑक्टोबर २००४ रोजी नोबेलची बातमी त्यांना आपल्या मतदारसंघाकडे जाताना मिळाली. न्येरी येथे उतरून, समोर दिसणाऱ्या माऊंट केनियाच्या साक्षीने त्यांनी एक ‘नंदी फ्लेम’ लावला. आपल्याकडे रस्त्याकडेला ‘पिचकारी’ म्हणून ओळखले जाणारे, केशरी फुलांचे हे मूळचे आफ्रिकेचे झाड. झाडे लावण्याचा आणि शांततेचा संबंध काय, असा प्रश्न तेव्हा काहींनी विचारला. पाणी, जमीन आणि जंगल कमी पडू लागले की माणसे त्यांच्यासाठी एकमेकांवर उठतात, हे माथाई यांनी रिफ्ट व्हॅलीतील जमातींच्या दंगलींत जवळून पाहिले होते. तीन पायांच्या आफ्रिकी बैठकीचा दाखला देऊन त्या सांगत की लोकशाही, साधनसंपत्तीचा जपून वापर आणि शांतता यांपैकी एक पाय मोडला तरी बसणारा कोसळतो.

भारतानेही २००५ चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार आणि २००६ चे इंदिरा गांधी पारितोषिक देऊन त्यांचा गौरव केला. तरीही त्यांचा मार्ग निष्कंटक नव्हता. एड्सच्या विषाणूच्या उगमाविषयी त्यांच्या नावावर छापून आलेल्या विधानांनी नोबेलच्या आनंदावर विरजण पडले. ते आपले मत नसल्याचा खुलासा त्यांना करावा लागला. २००७ मध्ये तर ज्या टेटूने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यानेच त्यांचा पराभव केला. जगभर मान्यता पावलेल्या या स्त्रीला स्वतःच्या मतदारसंघात पाच वर्षांत उतार लागला. त्यामुळे त्यांचे काम मात्र थांबले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एक अब्ज वृक्ष मोहिमेच्या आणि काँगो खोऱ्यातील जंगलाच्या रक्षणासाठी त्या अखेरपर्यंत फिरत राहिल्या.

२५ सप्टेंबर २०११ रोजी नैरोबी येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ७१ वर्षे. आपल्या शवपेटीसाठी झाड तोडले जाऊ नये, ही त्यांची इच्छा होती. त्यानुसार बांबू, जलपर्णी आणि पपायरसचे गवत यांनी विणलेली शवपेटी तयार करण्यात आली. शासकीय इतमामातील निरोप ८ ऑक्टोबर रोजी उहुरू पार्कवर झाला. साठ मजली इमारत उभी राहिली असती, तर एवढ्या लोकांना उभे राहायला तेथे जागाच उरली नसती.

करुराचे जंगल पुढे फिरायला येणाऱ्यांसाठी खुले झाले आणि नैरोबीकर तेथे सकाळी चालायला जाऊ लागले. चळवळीच्या नोंदींनुसार झाडांची संख्या पाच कोटींच्या पुढे गेली. या आकड्यापेक्षाही तो मोजण्याची रीत अधिक मोलाची आहे. रोप लावायला एक सकाळ पुरते, ते जगवायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत कधी शेळी, कधी दुष्काळ, कधी एखादा सत्ताधीश आडवा येतो. केनियाच्या निरक्षर स्त्रियांना हे कुणी शिकवावे लागले नाही. त्यांच्या हातांवर विश्वास ठेवणारी आणि लाठ्या खाऊनही त्यांच्या शेजारी उभी राहणारी एक प्राध्यापिका त्यांना मिळाली, एवढेच.